संत ऑगस्टीन : सवयीची साखळी आणि एक निर्णय



आपल्या शाळेची सहल गोव्याला गेली होती, तेव्हाची गोष्ट. जुन्या गोव्यात बॉम जीझस चर्च पाहून झाल्यावर मुलांना आम्ही जवळच्या टेकडीवर नेले. तिथे जांभ्या दगडाचा एक उंच, अर्धा कोसळलेला मनोरा उभा आहे. ऑगस्टीन पंथाचे साधू १५७२ मध्ये गोव्यात आले, त्यांच्या मठाचा आणि चर्चचा हा अवशेष. १८३५ मध्ये मठ बंद पडला, १८४२ मध्ये चर्चचे छत कोसळले आणि १९३१ मध्ये दर्शनी भाग व अर्धा मनोराही पडला. आठवीतल्या एका मुलीने आम्हाला विचारले, की ज्यांच्या नावाचा हा मनोरा ते ऑगस्टीन कोण होते आणि त्यांनी काय केले? आम्हाला एवढेच सांगता आले, की ते ख्रिस्ती संत होते. तिचे समाधान झाले नाही, आणि खरे सांगायचे तर आमचेही झाले नाही.

परत आल्यावर आम्ही वाचन केले. वाचता वाचता लक्षात आले, की हा संत आपल्यापासून फार लांबचा नाही. शाळेत मार खाणारा, उनाडक्या करणारा, पुढे शिक्षक झालेला आणि आपली वाईट सवय सुटत नाही म्हणून ढसाढसा रडलेला हा माणूस आहे. म्हणून या अंकात त्यांचे चरित्र देत आहोत. आमचे शिक्षण हिंदी माध्यमातून झालेले असल्याने भाषेत काही उणे राहिले तर वाचकांनी सांभाळून घ्यावे.

बालपण आणि शाळा

ऑगस्टीन यांचा जन्म १३ नोव्हेंबर ३५४ रोजी उत्तर आफ्रिकेतील थगास्ते या लहानशा गावात झाला. आज हे गाव अल्जीरिया देशात असून त्याचे नाव सूक आहरास आहे. त्या काळी तिथे रोमन साम्राज्याचे राज्य होते. वडील पॅट्रिशियस हे बेताच्या शेतीवाडीचे गृहस्थ, स्वभावाने तापट आणि जुन्या रोमन देवतांना मानणारे. आई मोनिका ही श्रद्धाळू ख्रिस्ती स्त्री.

लहानपणी ऑगस्टीन एकदा फार आजारी पडले. तेव्हा त्यांना बाप्तिस्मा द्यायची तयारी झाली. बाप्तिस्मा म्हणजे पाण्याने होणारा ख्रिस्ती धर्मप्रवेशाचा संस्कार. त्याने आधीची पापे धुतली जातात अशी श्रद्धा. पण मुलगा बरा झाला आणि संस्कार पुढे ढकलला गेला. विचार असा, की पोर अजून लहान आहे, पुढे चुका करणारच, मग आताच कशाला? मोठेपणी ऑगस्टीन यांनी या विचारावर मार्मिक टीका केली. शरीराच्या जखमेबाबत आपण असे कधी म्हणत नाही, की अजून बरा झालेला नाही, तर आणखी थोडे लागू द्या. मग मनाच्या बाबतीतच असे का म्हणतो? पालकांनी येथे क्षणभर थांबावे, अशी आमची विनंती आहे.

शाळेत त्यांना ग्रीक भाषेचा तिटकारा होता. छडीच्या धाकाने घोटून घेतलेले ग्रीक त्यांना कधी नीट आले नाही. याउलट लॅटिन भाषा दायांच्या लाडात आणि हसण्याखेळण्यात आपोआप आली. मार चुकावा म्हणून हा मुलगा देवाची प्रार्थना करी आणि घरची मोठी माणसे त्यावर हसत. पुढे त्यांनी लिहिले, की मोकळ्या मनाची जिज्ञासा भीतीपेक्षा जास्त शिकवते. आम्हा शिक्षकांसाठी ही सोळाशे वर्षांपूर्वीची नोंद आजही उपयोगाची आहे.

पेरूसारख्या फळांची चोरी

वडिलांजवळ पुढच्या शिक्षणाला पैसा नव्हता. त्यामुळे वयाच्या सोळाव्या वर्षी ऑगस्टीन यांना वर्षभर घरी रिकामे बसावे लागले. त्या वर्षात टोळक्याबरोबर हिंडताना एका रात्री त्यांनी शेजारच्या झाडावरची नासपतीची फळे हलवून हलवून पाडली आणि ओझी भरून नेली. इकडे बाजारात मिळणाऱ्या नाशपातीसारखेच, दिसायला थोडे पेरूच्या घाटाचे हे फळ. ती फळे काही विशेष चांगली नव्हती. घरी यापेक्षा चांगली होती. भूकही नव्हती. थोडी चाखली आणि बाकीची डुकरांपुढे फेकली.

एवढ्याशा गोष्टीवर ऑगस्टीन यांनी पुढे पानेच्या पाने लिहिली. अनेकांना याचे नवल वाटते. पण त्यांचा प्रश्न फळांचा नव्हता. भूक नाही, गरज नाही, लाभ नाही, मग आपण चोरी का केली? उत्तर त्यांना लाजिरवाणे वाटले. करू नये ते करण्यातच मजा होती, म्हणून केली. आणखी एक गोष्ट त्यांना जाणवली. एकटे असतो तर केली नसती. सगळे करत होते आणि मागे राहण्याची लाज वाटली.

मित्रांनो, ख्रिस्ती विचारात पापाची सुरुवात इथे मानतात. नशिबाने किंवा परिस्थितीने लादलेले म्हणून नव्हे, तर आपण निवडलेले म्हणून ते पाप. संगत कारण होते, पण हात आपलाच असतो.

वडिलांनी ऐपतीबाहेर खर्च करून मुलाला कार्थेज शहरात पाठवायचे ठरवले. गावकऱ्यांनी त्यांचे कौतुक केले. मुलगा उत्तम वक्ता व्हावा याची वडिलांना चिंता होती, तो कसा वागतो याची फारशी नव्हती. ऑगस्टीन यांनी ही खंत पुढे स्पष्ट शब्दांत मांडली आहे. लवकरच वडील वारले. रोमानियानस नावाच्या गावातल्या धनिकाच्या मदतीने शिक्षण पुढे चालू राहिले.

हुशार तरुण, अडकलेला तरुण

कार्थेज हे मोठे, गजबजलेले शहर. वर्गात ऑगस्टीन पहिले असत. नवीन मुलांना छळणाऱ्या टवाळखोरांचा एक गट तिथे होता. ऑगस्टीन त्यांच्या कृत्यांत भाग घेत नसत, पण त्यांच्यात उठबस ठेवत आणि आपण त्यांच्याइतके निर्लज्ज नाही याची उलट त्यांना लाज वाटे. तिथेच लग्नाशिवाय एका स्त्रीबरोबर त्यांचा संसार सुरू झाला. वयाच्या अठराव्या वर्षाच्या सुमारास त्यांना मुलगा झाला, त्याचे नाव अदेओदातुस. त्या स्त्रीचे नाव ऑगस्टीन यांनी कुठेही लिहिलेले नाही.

याच सुमारास रोमन विद्वान सिसेरो यांचे एक पुस्तक त्यांनी वाचले आणि सत्य शोधण्याची तीव्र ओढ लागली. त्या ओढीने ते मानी पंथात गेले. या पंथाची शिकवण अशी, की जगात प्रकाश आणि अंधार अशी दोन तत्त्वे लढत आहेत आणि माणसाच्या हातून वाईट घडते ते त्याच्यातल्या अंधारामुळे. ऑगस्टीन नऊ वर्षे या पंथात राहिले. पुढे त्यांनी प्रांजळपणे कबूल केले, की हा विचार सोयीचा होता. चूक झाली तर ती आपण केली असे म्हणावे लागत नसे, आपल्यातल्या दुसऱ्या कोणीतरी केली असे म्हणता येई.

पुढे ते शिक्षक झाले. कार्थेजचे विद्यार्थी वर्गात धुडगूस घालत, म्हणून कंटाळून ३८३ मध्ये ते रोमला निघाले. आई सोडेना, तेव्हा बंदरावर तिला खोटे सांगून रात्रीच्या जहाजाने निघून गेले. रोममध्ये विद्यार्थी शांत होते, पण फी देण्याची वेळ आली की ठरवून सगळे एकदम दुसऱ्या शिक्षकाकडे जात. ३८४ मध्ये त्यांना मिलान शहरात वक्तृत्वाच्या प्राध्यापकाचे मानाचे पद मिळाले. बादशहाचा दरबार तेव्हा तिथेच होता.

एके दिवशी बादशहाच्या स्तुतीचे भाषण तयार करण्याच्या काळजीत ते चालले होते. भाषणात खोटी स्तुती असणार हे त्यांना माहीत होते आणि ऐकणाऱ्यांनाही माहीत असणार होते. वाटेत एक दारू प्यालेला भिकारी मजेत हसताना दिसला. ऑगस्टीन यांना वाटले, इतकी वर्षे धडपडून आपल्याला जे सुख मिळाले नाही, ते याला चार नाण्यांत मिळाले. त्याचे सुख खरे नव्हते, पण आपली धडपड तर त्याहून खोटी होती.

सवय कशी जडते?

सवयीबद्दल ऑगस्टीन यांनी दोन प्रसंग लिहून ठेवले आहेत. ते आमच्या मते प्रत्येक मुलाने लक्षात ठेवावेत.

पहिला त्यांच्या आईचा. मोनिका लहान असताना तिला पिंपातून द्राक्षारस आणायला पाठवत. ती भांडे भरताना ओठाला लागेल इतकाच घोट घेई. रोज थोडे, त्यात आणखी थोडे, असे करता करता ती पेलेच्या पेले पिऊ लागली. एक दिवस भांडणात घरच्या दासीने तिला दारुडी म्हणून हिणवले. शब्द वर्मी लागला आणि त्याच दिवशी तिने ते सोडले. दासीने काही तिचे भले करायचे म्हणून सांगितले नव्हते. तरी तिच्या टोमण्याने काम झाले.

दुसरा प्रसंग त्यांचा जिवलग मित्र अलिपियस याचा. रोममध्ये माणसे एकमेकांना ठार मारतात असे तलवारीचे खेळ होत. अलिपियसला त्यांची घृणा होती. मित्रांनी त्याला एकदा ओढत नेले. तो म्हणाला, शरीर नेलेत तरी माझे डोळे आणि मन नेता येणार नाही. डोळे घट्ट मिटून तो बसला. पण गर्दीने एकदम आरोळी ठोकली आणि आपण पाहू आणि तुच्छ मानू अशा विश्वासाने त्याने डोळे उघडले. रक्त पाहिले आणि नजर काढता येईना. नंतर तो स्वतः इतरांना बोलावून नेऊ लागला. आपल्या बळावर नको तितका भरवसा ठेवला की काय होते, ते यात दिसते.

स्वतःच्या अनुभवावरून ऑगस्टीन यांनी सवयीच्या कड्या मांडल्या. आधी मन वाकड्या वाटेने जायचे निवडते. त्यातून वासना तयार होते. वासनेचे लाड केले की सवय लागते. सवयीला अडवले नाही की ती गरज बनते. अशी ही साखळी. आणि ती दुसऱ्या कोणी घातलेली नाही, आपणच एकेक कडी घडवलेली आहे. म्हणून जबाबदारी आपली. पण घडवणे जितके सोपे होते तितके तोडणे सोपे नाही.

आज नको, उद्या

मिलानमध्ये बिशप अँब्रोज यांची प्रवचने ऐकून ऑगस्टीन यांच्या शंका एकेक करून मिटल्या. मानी पंथ त्यांनी सोडला. ख्रिस्ती धर्म खरा आहे हे बुद्धीला पटले, पण आयुष्य बदलेना. पूर्वी तरुणपणी त्यांनी देवाकडे संयम मागितला होता, आणि मागताना मनात भीती अशी, की देवाने तो लगेच दिला तर काय! झोपेतून उठायचे असते, उठणे बरे हे पटलेलेही असते, तरी माणूस आणखी थोडा वेळ म्हणत कूस बदलतो. आपली स्थिती तशी होती असे ते सांगतात.

या काळातली एक गोष्ट झाकून ठेवणे बरोबर होणार नाही. मोठ्या घरातल्या मुलीशी लग्न ठरले म्हणून, त्यांच्याबरोबर अनेक वर्षे राहिलेल्या मुलाच्या आईला आफ्रिकेला परत पाठवण्यात आले. तिने पुन्हा कोणाशी संबंध न ठेवण्याचे व्रत घेतले. मुलगा वडिलांजवळ राहिला. ऑगस्टीन यांना फार दुःख झाले, तरी नवरी वयाने लहान असल्याने दोन वर्षे थांबायचे होते, तेवढाही धीर न धरता त्यांनी दुसरी स्त्री ठेवली. आपण सवयीचे गुलाम आहोत हे त्यांना तेव्हा पुरते कळले. त्या पहिल्या स्त्रीवर मात्र अन्याय झाला, असेच आम्हाला वाटते.

३८६ च्या ऑगस्ट महिन्यात पोंटिशियानस नावाचा एक सरकारी अधिकारी घरी आला. त्याने इजिप्तमधील विरक्त साधू अँथनी यांची हकीकत सांगितली. ट्रिअर शहरात दोन अधिकाऱ्यांनी अँथनी यांचे चरित्र वाचून त्याच क्षणी नोकरी सोडली, हेही सांगितले. ऐकताना ऑगस्टीन यांना आपली लाज वाटली. साधी माणसे पुढे गेली आणि आपण इतके शिकून मागेच राहिलो. ते अलिपियसबरोबर घरामागच्या बागेत गेले. हाताला हल म्हटले की हात हलतो, पण मनाला बदल म्हटले तर मन ऐकत नाही, असे का? त्यांनी उत्तर शोधले, की मन पूर्णपणे म्हणतच नाही. अर्धे मन हुकूम देते आणि अर्धे नकार. मानी पंथाने सांगितलेली दोन तत्त्वे यात नव्हती. दोन्हीकडे ओढणारे ते स्वतःच होते.

अंजिराच्या झाडाखाली ते रडत पडले असता शेजारून लहान मुलाचा गाण्यासारखा आवाज आला. उचल आणि वाच, असे काहीसे तो म्हणत होता. त्यांनी संत पौलाच्या पत्रांचे पुस्तक उघडले. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या १३ व्या अध्यायातील ओळींवर नजर पडली. चैन आणि विलास सोडून ख्रिस्ताला आपलेसे करावे, असा तिचा आशय आहे. त्यांना पुढे वाचायची गरज वाटली नाही. घरात जाऊन आईला सांगितले. मुलासाठी वर्षानुवर्षे रडलेल्या त्या माउलीला काय वाटले असेल, हे पालकांना सांगायला नको.

शिक्षक म्हणून एक तपशील आम्हाला आवडला. त्यांनी दुसऱ्या दिवशी गाजावाजा करून राजीनामा दिला नाही. द्राक्षांच्या हंगामाची सुट्टी सुमारे तीन आठवड्यांवर होती, तोवर त्यांनी वर्ग घेतले. ३८७ च्या ईस्टरला अँब्रोज यांच्या हातून त्यांना, मुलाला आणि अलिपियसला बाप्तिस्मा मिळाला. त्याच वर्षी परतीच्या वाटेवर रोमजवळच्या ओस्तिया बंदरात मोनिका वारली. तिचे वय ५६ होते. थोड्याच वर्षांत गुणी मुलगा अदेओदातुसही गेला.

निर्णयानंतरचा रस्ता

गोष्ट इथे संपत नाही. ३९१ मध्ये हिप्पो शहरातील लोकांनी त्यांना आग्रहाने धर्मगुरू केले आणि काही वर्षांत ते तिथले बिशप झाले. हे शहर आजचे अल्जीरियातील अन्नाबा. शेवटपर्यंत त्यांनी तिथेच काम केले. ४०० च्या आसपास त्यांनी कन्फेशन्स हा १३ भागांचा ग्रंथ पूर्ण केला. त्याच्या दहाव्या भागात हा प्रसिद्ध बिशप लिहितो, की जुन्या सवयींची चित्रे अजून स्वप्नात येतात, खाण्याचा मोह होतो, स्तुती ऐकून बरे वाटते.

शपथ घेण्याचे उदाहरण तर मुलांना लगेच कळेल. तुम्ही उठता बसता आईशप्पथ, देवाशप्पथ म्हणता ना? ऑगस्टीन यांनाही बोलता बोलता शपथ घेण्याची सवय होती. त्यांनी एका प्रवचनात सर्वांसमोर ते सांगितले आणि रोज झगडून ती कशी सोडली हेही सांगितले. पुढे त्यांच्या पंगतीत कोणी शपथ घेतली तर त्याच्या वाट्याचा द्राक्षारसाचा एक पेला कमी होत असे. पाठीमागे कोणाची निंदा करू नये, अशी सूचना त्यांनी जेवणाच्या मेजावरच लिहून ठेवली होती.

पेलेजियस नावाचा सदाचारी विचारवंत तेव्हा शिकवत असे, की माणसाने ठरवले तर तो स्वतःच्या बळावर निष्पाप राहू शकतो. ऑगस्टीन यांना हे मान्य नव्हते. निवड माणसाने करायची हे खरे, पण साखळी तुटते ती देवाच्या कृपेने, असे त्यांचे म्हणणे. ४१८ मध्ये कार्थेजच्या धर्मसभेने पेलेजियसच्या मताविरुद्ध निर्णय दिला. ख्रिस्ती विचारात पश्चात्ताप म्हणजे नुसते वाईट वाटणे नव्हे. तोंड फिरवून दुसऱ्या दिशेने चालू लागणे, पडलो तर चूक कबूल करून पुन्हा उठणे, हा त्याचा अर्थ. आपल्याकडे वाल्या कोळ्याची कथा घरोघरी सांगतात. पापात वाटेकरी कोणी होत नाही हे कळल्यावरच वाल्याची वाट बदलली. दोन धर्म वेगळे, त्यांचे विचार वेगळे, पण हे जागे होणे दोन्हीकडे ओळखीचे आहे.

ऑगस्टीन यांचे सर्वच निर्णय पटण्यासारखे नाहीत. डोनाटिस्ट या विरोधी ख्रिस्ती गटावर राजसत्तेच्या बळजबरीला त्यांनी पाठिंबा दिला, तो पुढच्या काळात अनेकांना जाचक ठरला. मात्र चूक तपासण्याची वृत्ती त्यांनी सोडली नाही. सत्तरी उलटल्यावर आपलीच सगळी पुस्तके पुन्हा वाचून त्यातल्या दुरुस्त्यांचे त्यांनी एक वेगळे पुस्तक केले. ४३० मध्ये व्हँडल टोळ्यांनी हिप्पोला वेढा घातला होता, तेव्हा ते तापाने अंथरुणाला खिळले. पश्चात्तापाची स्तोत्रे मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावायला सांगितली आणि ती वाचत ते रडत असत. २८ ऑगस्ट ४३० रोजी त्यांचे निधन झाले.

आमचेही थोडे

हे सगळे लिहिण्याचा अधिकार आम्हाला आहे का, हा प्रश्न आहे. मागच्या सत्रात एका मुलाच्या दप्तरात तंबाखूची पुडी सापडली. वडिलांना बोलावून आम्ही दोघांना अर्धा तास ऐकवले. तो मुलगा खाली मान घालून उभा होता आणि त्याची नजर आमच्या टेबलाच्या खणाकडे होती. त्या खणात आमची चुन्याची डबी होती. त्याला ते माहीत होते. सव्वीस वर्षे आम्ही दिवाळीनंतर सोडू, परीक्षा आटोपल्यावर सोडू, असे म्हणत आलो. त्या दिवशी ती नजर आम्हाला दासीच्या टोमण्यासारखी लागली.

दुसऱ्या दिवशी त्या मुलाला आणि त्याच्या वडिलांना पुन्हा बोलावून आम्ही डबी त्यांच्यासमोर ठेवली आणि माफी मागितली. आज आठ महिने झाले. मधे दोनदा आमचा तोल गेला आणि दोन्ही वेळा आम्ही त्या मुलाला जाऊन सांगितले. त्याचे काय चालले आहे तेही तो आम्हाला सांगतो. हे लिहिताना संकोच वाटला, पण विश्वस्त मंडळाने आणि पालकांनी ते आमच्याकडूनच ऐकावे असे वाटले.

त्या आठवीतल्या मुलीला आता उत्तर देतो. बाळ, ज्यांच्या नावाचा तो मनोरा, त्यांनी आपली चूक लपवली नाही आणि उद्यावर टाकणे एक दिवस थांबवले. तुला आणखी काही विचारायचे असेल तर मधल्या सुट्टीत कार्यालयात ये. खण उघडाच असतो.